घरे पारखणाऱ्या मालतीताई

मालतीताई फिरके यांची आणि माझी ओळख एका वादाने झाली, आणि त्या वादात मीच जिंकलो असे मला त्या दिवशी वाटले होते.

बुऱ्हाणपूरकडच्या खकनारच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका आरोग्य केंद्रात मी फार्मासिस्ट म्हणून नुकताच रुजू झालो होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी एक नर्सबाई खेड्यांतले लसीकरण आटोपून परत आल्या. एका खांद्याला लसींचा डबा आणि दुसऱ्या हातावर टॉवेलात गुंडाळलेले कुत्र्याचे पिल्लू. पिल्लाचा मागचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला होता. त्या सरळ माझ्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, थोडं गॉज आणि आयोडीन द्या."

मी नवा होतो आणि नियम पाठ होते. "ताई, हे सरकारी सामान आहे. माणसांसाठी. कुत्र्यासाठी मला देता येणार नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. आता चढा आवाज ऐकावा लागणार असे मला वाटले. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं," आणि निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवरून जाताना पाहिले, तर ताई ओसरीवर बसून स्वतःच्या जुन्या सुती साडीच्या उकळून वाळवलेल्या पट्ट्या त्या पायाला बांधत होत्या आणि आधाराला बांबूच्या दोन कामट्या लावत होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही एकाच छपराखाली काम केले. जनावरासाठी त्यांनी माझ्या खिडकीवर पुन्हा कधी हात पुढे केला नाही. एकदा मीच ओशाळून म्हणालो, "ताई, थोडा उरलेला कापूस आहे, घेऊन जा." त्यांनी विचारले, "उरलेला कुणाचा?" मी कापूस परत कपाटात ठेवला.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. बुऱ्हाणपूर आणि आसपासच्या गावांत त्यांना 'कुत्र्यावाल्या नर्सबाई' म्हणून ओळखतात. हे नाव आधी लोकांनी थट्टेने ठेवले होते. आता तेच नाव लोक अदबीने घेतात, आणि हा बदल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

ताईंच्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्यांचे पुढचे सारे काम तिथूनच उगवले. त्या काळात बाळंतपणे घरीच होत. नदीनाले ओलांडून, कधी बैलगाडीने, बहुतेक वेळा पायी, ताई गावोगाव जात. घरात शिरल्यावर त्या नुसती बाळंतीण पाहत नसत. सुनेला जेवायला गरम मिळते का, म्हाताऱ्या सासूची खाट कुठे टाकली आहे, गोठ्यातल्या भाकड गाईपुढे चारा आहे का, हे सगळे त्यांच्या नजरेला पडे. परतताना त्या मला सांगत, "घर मोठं आहे, पण माणसं आखडती आहेत." किंवा, "एकच खोली आहे, पण काय सांगू चौधरी, आजारी सासऱ्याला सून हाताने भरवत होती." मला तेव्हा ही नसती चौकशी वाटे. बायकांचा स्वभाव, असे मी मनात म्हणत असे. आज ते शब्द आठवले की स्वतःचीच लाज वाटते.

निवृत्तीनंतर ताई बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या घरी राहू लागल्या. यजमान आधीच वारले होते, मुलगी लग्न होऊन इंदूरला होती. मागे मोठे अंगण, त्यात एक कडुनिंब आणि पत्र्याची शेड. त्यांच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढले, घराला कुलूप लागले, आणि त्यांचा म्हातारा लॅब्रेडोर फाटकाला बांधलेला तसाच राहिला. ताईंना वाटले, विसरले असतील, येतील. दोन दिवस त्या त्याला फाटकापाशीच खायला घालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला सोडून घरी आणले.

शेजारचे म्हणाले, "सिस्टर, आता याचं काय करणार?"

"घर बघणार."

"एवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याला कोण घर देतंय?"

"मी जन्मभर लोकांची घरंच पाहिलीत. एखादं तरी निघेल."

निघाले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ताई बहादरपूरकडे होत्या. तिथल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरी तो लॅब्रेडोर गेला आणि शेवटपर्यंत ओसरीवरच्या गोधडीवर झोपला. त्यानंतर ताईंच्या अंगणात वर्दळ सुरू झाली. महामार्गावर ट्रकची ठोकर लागलेली, खरूज होऊन अंगावर केस न राहिलेली, हौसेने आणून दोन महिन्यांत कंटाळलेल्या लोकांनी नदीकाठी नेऊन सोडलेली. गुरांच्या दवाखान्यातून उपचार, अंगणात शुश्रूषा, आणि मग घराचा शोध. शुश्रूषा पुष्कळ दयाळू माणसे करतात. घराच्या शोधात मात्र ताईंसारखे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही.

शहरातले एक व्यापारी नव्या बंगल्यासाठी कुत्रे मागायला आले होते. अंगणातला पांढरा, देखणा कुत्रा त्यांना पसंत पडला. ताईंनी चहा दिला आणि विचारले, "ठेवणार कुठं?"

"गेटला. राखणीला."

"गेटला सावली आहे?"

"अजून नाही. करूच ना बाद में."

"मग बाद मेंच या," ताई शांतपणे म्हणाल्या. तोच पांढरा कुत्रा पुढे निंबोल्याच्या एका शेतमजूर बाईच्या घरी गेला. मी विचारले, "तिच्याकडे काय पाहिलंत?" ताई म्हणाल्या, "तिच्या पोरीच्या बाळंतपणात मी गेले होते. मुलगी झाली म्हणून त्या घरात कुणाचा चेहरा पडला नाही. जिथं दुबळ्याला नीट वागवतात, तिथं कुत्रंही नीट राहतं."

कुत्र्यांचा कैवार घेताना त्यांनी माणसाला कधी मागे सारले नाही, हेही इथे नोंदवतो. गल्लीतल्या एका लहान मुलीला रस्त्यावरचे कुत्रे चावले, तेव्हा लोक ताईंच्या दारावर चालून आले. "तुम्हीच यांना डोक्यावर बसवलंय!" ते कुत्रे ताईंचे नव्हते. तसे सांगता आले असते. ताईंनी मुलीचा पाय नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटे धुतला, तिला घेऊन दवाखाना गाठला, आणि पुढच्या प्रत्येक इंजेक्शनच्या तारखेला स्वतः तिच्या दारात उभ्या राहिल्या. शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी, सर्वांत मोठ्याने ओरडलेल्या तिच्या बापाने ताईंना हात जोडले. ताई म्हणाल्या, "हात नंतर जोड. गल्लीतली कुत्री पकडायला माणूस कमी आहे, लस टोचायचीय. उद्या येतोस का?" तो आला.

आता थोडे माझ्याविषयी, कारण त्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी घराबाहेर पडणे बंद केले होते. मुलगा पुण्याला. जेवणाचा डबा यायचा, बऱ्याचदा तसाच परत जायचा. सांत्वनाला खूप लोक आले आणि चांगले बोलून गेले. ताई आल्या त्या एक आंधळी होत चाललेली म्हातारी कुत्री घेऊन.

"चौधरी, हिच्या डोळ्यांत चार-चार तासांनी थेंब घालायचेत. माझ्याकडे आणखी आहेत, मला वेळा सांभाळता येत नाहीत. तुम्ही जन्मभर लोकांना औषधाच्या वेळा सांगितल्यात. पंधरा दिवस ठेवा."

माझे उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत. थेंबांसाठी मला उठावे लागले. ती उपाशी राहील म्हणून डबा उघडावा लागला. आणि उघडलेल्या डब्यातून मीही चार घास खाऊ लागलो. पंधरा दिवसांनी मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. महिन्याने उचलला. "पाठवताय का तिला?" मी म्हणालो, "नको, राहू द्या." पलीकडून आवाज आला, "मला वाटलंच." ती म्हातारी पुढे तीन वर्षे माझ्या खाटेजवळ झोपली. त्या दिवसापासून मी ताईंच्या कामात आहे. माझी जुनी व्हॅन आणि मी, दोघेही त्यांच्या दिमतीला.

आणि याच व्हॅनमधून माझ्या हातून ती चूक झाली. ताईंच्या गौरवग्रंथात ती कशाला, असे संपादकांनी विचारले. माझे म्हणणे असे, की ताईंची खरी उंची मला त्याच दिवशी दिसली.

गेरू नावाचा पाच-सहा महिन्यांचा कुत्रा होता. गेरूच्या रंगाचा, लांब कानांचा, भलताच खेळकर. ताईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि डॉक्टरांनी त्यांना धूळ-उन्हात जायला मनाई केली होती. तेव्हाच खकनारकडच्या एका गावातून फोन आला. मोठे शेतकरी, केळीची बाग, कुत्र्याची आवड आहे म्हणाले. ताई म्हणाल्या, "चौधरी, तुम्ही जाऊन बघून या. मन भरलं तरच सोडा." मी गेलो. दुमजली घर, अंगणात फरशी, ट्रॅक्टर. आग्रहाने चहा झाला, वर मावा जिलेबी. माझे मन भरले. गेरूला सोडून मी खुशीत परत आलो आणि ताईंना सांगितले, "राजासारखा राहील."

चार महिन्यांनी, डोळे नीट झाल्यावर, ताईंनी गेरूला बघायला जायचे ठरवले. मी म्हटले, "कशाला? फोनवर छान आहे म्हणतात." त्या व्हॅनमध्ये जाऊन बसल्या.

गेरू घरी नव्हता. "बागेत आहे," असे घरच्या धन्याने सांगितले आणि आमच्यासोबत तो बागेत आला. त्याचे नाव लिहीत नाही, ताईंनी लिहू नका म्हणून बजावले आहे. बोअरच्या मोटरच्या खोपटाशी, उन्हात, गेरू पडला होता. केळीचा घड भरला की झाड कलू नये म्हणून ज्या नायलॉनच्या दोरीने आधार देतात, त्याच दोरीने त्याला बांधले होते. बांधताना तो पिल्लू होता. पुढे अंगाने वाढला. दोरी कुणी सैल केली नाही. ती मानेच्या कातड्यात रुतून दिसेनाशी झाली होती आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. ताईंना पाहून तो उठला नाही. फक्त शेपटीचे टोक हलले.

ताईंनी पिशवीतून पट्टी कापायची कात्री काढली आणि खुंट्यापाशी दोरी कापली.

धनी पुढे आला. "ओ बाई, हे काय? दिलेली वस्तू परत घेतात का कुणी?"

"वस्तू दिली नव्हती मी."

"कुत्रं आहे ते. कुत्र्यासारखंच राहील ना. आदमी थोडीच आहे! औषध लावू आम्ही. आमच्या बागेतून आमच्या मर्जीशिवाय नाही जाणार ते."

केळी कापणारे मजूर हातातले काम टाकून जमले. धन्याला आता माघार घेणे अवघड झाले, हे माझ्या लक्षात आले आणि मी घाबरलो. "ताई, चला, पोलिसांत सांगू," मी हळूच म्हणालो. ताई मोटरपाशी साचलेल्या चिखलात, गेरूच्या डोक्यापाशी बसल्या. त्याचे डोके त्यांनी मांडीवर घेतले.

"तुमची मर्जी होईपर्यंत मीही इथंच बसते," त्या म्हणाल्या. "फक्त पाणी आणायला सांगा. याला. मला नको."

कुणी हलले नाही. मग एक मजूर बाई तिचा स्वतःचा तांब्या घेऊन आली. ती पाणी ओतत असतानाच बांधावरून एक म्हातारी काठी टेकत येताना दिसली. धन्याची आई. घरी कुणीतरी सांगितले असावे. तिने जवळ येऊन डोळे बारीक केले.

"कोण? फिरके नर्सबाई ना तुम्ही? माझ्या दारी येऊन मातीत बसल्या?"

"बसले जरा, काकू. कुत्र्याचं काम होतं."

म्हातारीने गेरूची मान पाहिली. मग मुलाकडे वळली.

"तू जन्मला तेव्हा नाळ तुझ्या गळ्याला गुंडाळली होती. निळा पडला होता तू. या बाईने सोडवली. सारी रात पायी चालून आली होती ती. जाऊ दे ते कुत्रं."

धनी बाजूला झाला. आम्ही गेरूला उचलून व्हॅनमध्ये ठेवले. ताईंनी त्या माणसाला एका शब्दाने सुनावले नाही, जाताना म्हातारीच्या पायांची सूज तेवढी दाबून पाहिली आणि मीठ कमी करायला सांगितले.

परतीच्या वाटेवर मी रडत होतो. "ताई, माझी चूक. फरशी पाहिली, ट्रॅक्टर पाहिला. माणसं पाहिलीच नाहीत." ताई मागच्या सीटवर गेरूचे डोके धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "चूक माझी. मी न जाता कुत्रं दिलं. आता रडू नका, गाडी नीट चालवा, याला धक्के बसतात." त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. कुत्रे देण्याआधी एकदा आणि दिल्यावर दोनदा, स्वतः त्या घरी जायचे. आणि प्रत्येक वेळी मला सोबत न्यायचे. चूक केलेल्या माणसाला त्यांनी कामावरून काढले नाही, उलट त्याच कामावर पक्के बसवले.

गुरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन गेरूच्या मानेतली दोरी काढली. जखम भरायला दोन महिने लागले. पण गळ्याजवळ कुणाचा हात आला की तो खाटेखाली घुसे. पट्टा घालणे तर अशक्यच. असा कुत्रा कोण नेणार, हा प्रश्न होता. ताई रामदासभाऊंकडे गेल्या. रामदासभाऊंनी चाळीस वर्षे पॉवरलूमवर काढली होती. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पत्नी वारल्यावर ते एकटे होते. दारात कुणी येऊन गेले तरी कळत नसे, म्हणून लोकांनी येणेच कमी केले होते.

"भाऊ, याला बांधायचं नाही," ताईंनी मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दाखवले.

रामदासभाऊ म्हणाले, "मी कशाला बांधू? मला तरी कोण बांधतंय?"

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा गेरू खाटेखाली होता. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा आम्ही कडी वाजवली आणि हाक मारण्याआधीच रामदासभाऊंनी दार उघडले. आम्ही थक्क झालो. ताईंनी खुणेने विचारले, कसे कळले? भाऊंनी गेरूकडे बोट दाखवले. "याचे कान बघतो मी. ताठ झाले की कोणी आलं. शेपूट हलली की ओळखीचं आलं. तुमच्या वेळी तर सगळाच हलला." गेरू त्यांच्या पायांशी उभा होता, आणि भाऊंचा हात त्याच्या मानेवर, त्या जुन्या वणावर, सहज टेकलेला होता. ताई बाहेर आल्यावर पदराने डोळे पुसू लागल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनपासून पाणी येतं जरा." मी मान डोलावली.

खकनारकडच्या त्या धन्याचेही सांगायला हवे. पुढल्या वर्षी तो आपणहून लालबागला आला. आता त्याच्या अंगणात दरवर्षी गावातल्या कुत्र्यांना लस टोचण्याचे शिबिर भरते आणि सगळी व्यवस्था तो बघतो. त्याने दोनदा कुत्रा मागितला. ताई म्हणतात, "अजून नाही." तो म्हणतो, "ठीक आहे, नर्सबाई," आणि पुन्हा शिबिराच्या कामाला लागतो. तुकईथडपासून निंबोल्यापर्यंत कितीतरी अंगणांत आज ताईंनी दिलेली कुत्री आहेत, पण या एका 'अजून नाही'चा मला त्या सगळ्यांइतकाच अभिमान आहे.

सत्काराची कल्पना घेऊन आम्ही गेलो, तेव्हा ताई अंगणात एका कुत्रीचे कान साफ करत होत्या. हार-शाल नको, भाषणे नकोत, असे खूप नको-नको झाले. शेवटी लेख छापायला त्यांनी एका अटीवर परवानगी दिली, ती अट पाळतो: ताईंच्या अंगणात सध्या एक काळी, एका डोळ्याची, मधल्या वयाची कुत्री आहे. शांत आहे, मुलांत रमते, फटाक्यांना भिते. तिला घर हवे आहे. ग्रंथ वाचणाऱ्यांनी विचार करावा, असा ताईंचा निरोप आहे.

ताई, तुम्ही आम्हाला घर कसे पाहावे ते शिकवलेत. तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करता तुम्हाला गावोगाव नेत राहोत, आणि शंभरीच्या सत्कारालाही आम्हाला तुमचा असाच नकार ऐकायला मिळो. तुमच्या अंगणातून निघालेले प्रत्येक कुत्रे नव्या घरी पहिल्याच दिवशी पोटभर जेवून निर्धास्त झोपो, म्हणजे तुम्हालाही सुखाची झोप लागेल.